पोनिजानच्या अंगात कोण आलं

पोनिजानची शक्ती म्हातारपणी वाढायला लागली, आणि ती नेमकी जेवणाच्या तोंडावर वाढायची.

सालाक नावाच्या काटेरी फळझाडांच्या बागेत काटे छाटता छाटता उन्हं डोक्यावर आली की त्याचे हात आपोआप थरथरू लागत. कपाळावर गार घाम येई. छातीत कुणी ढोल बडवावा तसं धडधडे, आणि समोरच्या ज्वालामुखी डोंगराच्या तोंडातून निघणारा धूर एकाऐवजी दोन ठिकाणांहून निघताना दिसे. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. पोनिजान हरखून गेला. तो गावच्या घोडानाचाच्या मेळाचा पावांग होता. बांबूच्या विणलेल्या घोड्यांवर बसून पोरं नाचायची, नाचता नाचता त्यांच्या अंगात यायचं, मग कोणी काच चावायचं, कोणी गवत खायचं, कोणी माडावर चढून वरून शिव्या घालायचं. त्या सगळ्यांना चाबकाच्या धाकात ठेवायचं आणि शेवटी एकेकाला सुखरूप माणसात आणायचं, हे पावांगचं काम. जे अंगात येत त्यांना मेळात ‘पाहुणे’ म्हणत. आयुष्यभर पाहुण्यांची ऊठबस केलेल्या माणसाचा हात थरथरला, तर तो कशाने थरथरला हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

“डोंगरावरचे मोठे हल्ली अगदी माझ्या खांद्याशी येऊन उभे राहतात,” तो बायकोला म्हणाला. “हा हात बघ.”

रुबिनेमने हात पाहिला आणि पुढ्यात भात, आंबवलेल्या सोयाबीनच्या टेंपेचे तुकडे आणि कोवळ्या फणसाची भाजी ठेवली. पोनिजान जेवला. पाणी प्यायला. हात पुन्हा दगडासारखा स्थिर झाला.

“गेले वाटतं,” रुबिनेम म्हणाली.

“कोण?”

“तुमचे मोठे. रोज जेवणाआधी येतात आणि तुम्ही हात धुतलात की निघतात. दोन घास खाऊन जा म्हणत नाही का तुम्ही त्यांना?”

“बुने, तुला ह्यातलं काही कळत नाही.” पोरं झाल्यापासून तो तिला बुने म्हणे, पोरांची आई, आणि ती त्याला पाकने, पोरांचा बाप.

“नाही कळत बाई. मला फक्त भांडी घासायची कळतात,” ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

त्याच्या रक्तात साखर निघाली होती, ती त्याआधी थोडे दिवस. पाड्याच्या दवाखान्यातली नर्स एंदाह हिने बोट टोचून ती शोधून काढली, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या: एक सकाळच्या जेवणाबरोबर, एक संध्याकाळच्या. एंदाहने बजावलं होतं, “म्बाह, गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही.” पोनिजानने मान डोलावली होती. नातीच्या वयाची पोर आपल्याला म्बाह, आजोबा, आणि बायकोला म्बोक, मावशी, म्हणून मान देते आहे, तर मान डोलवायला काय जातं. पण मनात त्याने हिशोब वेगळा मांडला. साखर म्हणजे न विचारता अंगात शिरलेला पाहुणा. गोळी म्हणजे चाबूक. आता पाहुण्याला हाकलायचं तर चाबूक ओढायचा, ह्यात आपण जेवलो की नाही ह्याचा संबंध येतो कुठे? उलट जेवलं नाही तर पाहुणा उपाशी मरेल, तेवढंच काम हलकं.

रुबिनेमनेही आपल्या परीने हातभार लावला. तिने घरातली साखर शेजारणीकडे नेऊन ठेवली आणि नवऱ्याला बिनसाखरेचा चहा द्यायला लागली. आमच्या भागात चमचा उभा राहील इतका गोड चहा पिणाऱ्या माणसाला ही शिक्षा जेलपेक्षा मोठी. शिवाय तिला वाटलं, एवढीशी पांढरी गोळी ती काय करणार. म्हणून काडेचिराईत आणि गुळवेल उकळून ती रोज सकाळी भांडंभर काळा काढा त्याच्यापुढे धरी. तो इतका कडू होता की पोनिजान तो प्यायचा तेव्हा अंगणातली कोंबडी लांब जायची.

भातकापणी उरकली आणि गावस्वच्छतेचा सण आला. आदल्या दिवशी सगळ्यांनी पाट उपसायचे, कबरी झाडायच्या, आणि सणाच्या दिवशी दुपारनंतर वडाखालच्या मैदानात घोडानाच. त्या नाचासाठी पावांगला तीन दिवस उपास असे. पहिले दोन दिवस नुसता पांढरा भात आणि पाणी, मीठसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी, नाचाच्या दिवशी, काहीच नाही, पाण्याचा थेंबही नाही. रिकाम्या माणसालाच पाहुणे मानतात, अशी समजूत.

आणि मेळाचा एक नियम होता. ज्याच्या हातात चाबूक आहे त्याच्याच अंगात आलं, तर त्याने चाबूक खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा नाही. काठावर उभं राहून दुसऱ्यांना ओढून काढणाराच पाण्यात पडला तर मग कोणाच्या भरवशावर पोरांनी उडी मारायची? पोनिजानला चाबूक मिळाला तो असाच. त्याच्या गुरूने एका नाचात भर मैदानात ढोलाची दोरी दातात धरली होती. गुरू त्यानंतर बरीच वर्षं जगला, पण मैदानाच्या कडेला शेंगदाणे खात.

आता त्या चाबकावर डोळा होता वाकिदीचा. वाकिदी म्हणजे रुबिनेमचा धाकटा भाऊ. गोल अंगाचा, गोल तोंडाचा, मेळातला ध्वनिक्षेपक त्याच्या ताब्यात. वर्षानुवर्षं तो भाओजींचा उजवा हात होता आणि उजव्या हातानेच एक दिवस चाबूक धरावा असं त्याला वाटे. वाईट माणूस नव्हता. फक्त वाट पाहून पाहून त्याची मान लांब झाली होती.

सणाच्या दिवशी पहाटे पोनिजान उठला. आज दिवसभर तोंडात काही जायचं नाही, तेव्हा उजाडायच्या आत सगळं उरकलेलं बरं, म्हणून त्याने सकाळची गोळी घेतली, आणि संध्याकाळीही जेवण नाहीच तर ती गोळी मागे कशाला ठेवायची, म्हणून तीही घेतली. वर रुबिनेमने पुढे केलेला काढा प्यायला. नाचाचा दिवस म्हणून तिने तो आज जरा दाटच केला होता.

मग तो मैदानात गेला. प्रवेशाची कमान उभी करायची होती. वाकिदी दोन पोरांना घेऊन ओले बांबू ओढत होता.

“तुम्ही बसा भाओजी,” वाकिदी म्हणाला. “वय झालं आता. बांबू काही मान देत नाही.”

हे ऐकल्यावर पोनिजानने सगळ्यात जाड बांबू खांद्यावर घेतला. तो ठेवून दुसरा घेतला. वाकिदी “राहू द्या, राहू द्या” म्हणत गेला आणि पोनिजान घेत गेला, आणि दुपारपर्यंत कमान उभी राहिली ती जवळजवळ एका म्हाताऱ्याच्या हट्टावर.

दुपारच्या नमाजानंतर लोक जमले. पाड्याचे प्रमुख सार्वोनो खुर्ची टाकून बसले. एंदाहने वडाच्या सावलीत टेबल मांडलं होतं, सणाला आलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त तपासायला. पण ढोल सुरू झाल्यावर तिच्याकडे कोण फिरकतो? तीही मग पहिल्या रांगेत येऊन कुरकुरीत शेंगदाण्याचे पेयेक खात बसली आणि मोबाइलवर नाच टिपायला लागली. मैदानाच्या मधोमध पाहुण्यांसाठी नैवेद्य होता: फुलं, अंडं, केळ्यांचा घड, माडाच्या गुळात शिजवलेल्या चिकट भाताच्या वड्या, एक पेला कडू कॉफी आणि एक पेला गोड चहा.

धूप पेटला. पोनिजानने चाबूक ओढला, तो बार काढल्यासारखा वाजला. पोरं घोड्यांवर बसून फेर धरू लागली. थोड्याच वेळात गिलांग नावाचा लांबसडक पोरगा मागच्या मागे कोसळला आणि उठला तो दुसराच कोणी होऊन. त्याच्यामागून आणखी तिघं.

पोनिजानला सगळं नीट चालल्यासारखं वाटत होतं. फक्त गिलांग दोन दिसत होते. त्याने एकाला गवत दिलं, ते जमिनीवर पडलं. मग लोकांचा आवाज विहिरीतून यावा तसा येऊ लागला. पाठ घामाने थबथबली. पाय दुसऱ्याचे असल्यासारखे वाटू लागले. आले, त्याला वाटलं, मोठे आले. आज खांद्याशी नाही, पार आत. आणि ह्या विचाराबरोबर त्याला त्या गुळाच्या वड्यांचा असा वास आला की त्याचे डोळे भरून आले.

पुढचं त्याला धड आठवत नाही. लोकांना आठवतं. तो ध्वनिक्षेपकाच्या खोक्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याला म्हणाला, “तू केव्हा आलास? बस.” खोकं बसेना म्हणून त्याने त्याला चाबूक मारला. मग प्रमुख सार्वोनोंच्या खुर्चीला वळसा घालून तो नैवेद्यापाशी आला, धपकन बसला, मान खाली टाकली आणि घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढू लागला.

ढोल थांबले. मैदानात कुजबुज पसरली, आणि त्यात भीतीपेक्षा मजा जास्त होती.

वाकिदीने माइक हातात घेतला. त्याचा आवाज कापत होता. दुःखाने की आनंदाने, हे त्यालाही सांगता आलं नसतं. “पावांगच्या अंगात आलं आहे,” तो म्हणाला. मग भाओजींच्या बोटांतून त्याने चाबूक हळूच सोडवून घेतला, पाहुण्याशी बोलतात तसा अदबीने गुडघ्यावर बसला आणि माइक पुढे धरला.

“पाहुणे कोण म्हणायचे?”

पोनिजान वड्यांचा वास घेत राहिला.

“कुठून येणं झालं?”

“घरून,” पोनिजान पुटपुटला.

“काय सेवा करू? फुलं? काच? कोंबडी?”

“चहा.”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत कोणी पाहुण्याने चहा मागितला नव्हता.

“चहा,” पोनिजान पुन्हा म्हणाला. “साखर घालून. रुबिनेम देत नाही.”

हे ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाने ऐकलं. बायकांनी दंडावर उभे राहिलेले काटे चोळले. पाहुण्याला रुबिनेमचं नाव ठाऊक होतं. तो घरचा होता, रुबिनेमवर नाराज होता. वाकिदीच्या डोक्यात उजेड पडला आणि तो आडवाच झाला. कपाळ मातीला टेकवून म्हणाला, “आई.”

“कोणाची आई?” रुबिनेम गर्दीतून वाट काढत आली होती.

“आपली, ताई. आपली आई आली आहे. बघ, तुझ्यावर रागावली आहे. तू शेवटच्या दिवसांत तिला—”

“आई चहाला शिवायची नाही. कॉफी प्यायची, तीही दिवसातून चारदा. तुला आठवत नाही? तू तर तिचीच उष्टी प्यायचास.”

वाकिदीने कपाळावरची माती पुसली. “वर गेल्यावर सवयी बदलत असतील,” तो म्हणाला.

रुबिनेम खाली बसली. तिने नवऱ्याच्या मानेला हात लावला. डोंगरावरून गार वारा वाहत होता आणि मान भिजलेल्या फडक्यासारखी होती. हात थरथरत होते. हे हात ती रोज बघत होती, ताट वाढायच्या आधी.

“एंदाह,” तिने हाक मारली, “तो मोबाइल ठेव आणि इकडे ये. ह्यांच्या अंगात पाहुणे येत नाहीत. ह्यांच्या अंगात भूक येते.”

एंदाह दचकून उठली. खरं तर तीही इतका वेळ पाहुणाच समजून टिपत होती, आणि बऱ्यापैकी टिपलं होतं. कपड्याला हात पुसत ती टेबलावरचं यंत्र घेऊन धावली.

“सुई टोचू नका,” मागून एक म्हातारा ढोलकरी म्हणाला. “पाहुणा चिडेल.”

“काचा खाणारे पाहुणे सुईला काय चिडतात,” एंदाह म्हणाली आणि टोचली. यंत्रावर आकडा आला. तिने तो मोठ्याने वाचला, “बेचाळीस,” आणि तिच्या चेहऱ्यावरची मजा पुसली गेली. मागे उभ्या असलेल्या दोघांतिघांनी मात्र आकडा लॉटरीसाठी लक्षात ठेवला.

“म्बाह, माझं ऐकू येतंय? गिळता येईल?” तिने त्याची हनुवटी उचलली. “म्बोक रुबिनेम, तो चहा द्या.”

“तो पाहुण्यांचा आहे,” वाकिदी म्हणाला.

“मग पाहुण्यालाच देतेय,” रुबिनेम म्हणाली आणि नैवेद्यातला पेला उचलून नवऱ्याच्या ओठाला लावला.

पोनिजान एक घोट प्यायला. मग दुसरा. मग त्याने पेला दोन्ही हातांनी असा धरला की दोघींनी मिळून ओढला असता तरी सुटला नसता. चहा संपला. थोड्या वेळाने त्याचे डोळे समोर स्थिर झाले. गुरगुर थांबली. एंदाहने पुन्हा टोचलं, आकडा वर चढला होता. पोनिजानने आजूबाजूला पाहिलं: सारं गाव त्याच्याभोवती, मेहुणा पालथा, आणि चाबूक मेहुण्याच्या हातात.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“आधी तुम्ही सांगा,” एंदाह म्हणाली. पाहुण्याला विचारतात तशीच ती एकामागून एक विचारत गेली आणि तो सांगत गेला. आज काय खाल्लं? काही नाही. काल? भात. परवा? तोच. गोळी? घेतली. उपाशी पोटी?

“दोन घेतल्या,” पोनिजान जरा अभिमानाने म्हणाला. “संध्याकाळचीही पहाटेच उरकली.”

एंदाहने डोळे मिटून घेतले. “आणि वर?”

“वर बुनेचा काढा.”

“कसला काढा?”

“पाला तर आहे नुसता,” रुबिनेम म्हणाली, पण तिचा आवाज आता बारीक झाला होता. “काडेचिराईत. साखरेवर चांगला असतो म्हणतात.”

“असतो म्हणूनच तर, म्बोक. गोळी साखर खाली ओढते. काढाही ओढतो. पोटात काही नसलं की ओढायला साखरच उरत नाही, मग माणूसच खाली येतो. आणि बांबू कोणी उचलले?”

सगळ्यांनी वाकिदीकडे पाहिलं.

“मी नको म्हणत होतो,” वाकिदी म्हणाला.

“म्हणून तर उचलले,” पोनिजान म्हणाला.

लोकांत थोडी निराशा पसरली. पाहुणा म्हणजे गोष्ट होती, नातवंडांना सांगण्यासारखी. साखर म्हणजे दवाखाना. प्रमुख सार्वोनोंनी घसा साफ केला आणि म्हणाले, मेळाचा प्रश्न आहे, आत्ताच काय ते ठरवा. कारण तिकडे गिलांग आणि बाकीचे तिघं अजून अंगात घेऊन फिरत होते. एक जण टेबलावरचा कापूस खात होता. दुसरा कमानीवर चढला होता, त्याची आई खाली उभी राहून उतर म्हणून विनवत होती. वाकिदीने चाबूक ओढून पाहिला. चाबूक वाजण्याऐवजी त्याच्याच पोटरीला गुंडाळला गेला. गिलांग त्याच्याकडे बघून खिंकाळला.

वाकिदी लंगडत पोनिजानजवळ येऊन बसला आणि माइक बाजूला धरून हळू बोलला.

“भाओजी, ऐका. अजून काही बिघडलेलं नाही. तुम्ही म्हणा, आई आली होती. लोक मानायला तयार आहेत, बघताय ना? सासू जावयाच्या अंगात येते, असा मान कोणाला मिळालाय? तुम्ही चाबूक ठेवाल, पण लोक पाया पडतील. मैदानात तुमच्यासाठी वेगळी खुर्ची. गोळ्या, काढा, उपाशी पोट, हे कोणाला सांगायची गरज नाही. मी एंदाहला सांगतो.”

“आणि साखर म्हटलं तर?”

“तर चाबूक तुमचा. पण हसतील. हा महिनाभर तुम्ही सांगत होता ना, डोंगरावरचे मोठे खांद्याशी येतात म्हणून? त्या मोठ्यांचं काय झालं, विचारतील.”

वाकिदी खरं बोलत होता. पोनिजानला ते झोंबलं. महिनाभर चहाच्या टपरीवर त्याने हात पुढे करून थरथर दाखवली होती. लोकांनी ती आदराने पाहिली होती. एकाने तर नव्या मोटरसायकलवर त्या हाताने पाणी शिंपडून घेतलं होतं. सासू म्हटलं की हे सगळं जिथल्या तिथे राहणार होतं, उलट वाढणार होतं. त्याने वेगळी खुर्ची डोळ्यांपुढे आणून पाहिली. गादीची, हाताची. त्या खुर्चीत बसलेला माणूस शेंगदाणे खात होता.

कमानीवरच्या पोराचा पाय ओल्या बांबूवरून सटकला, त्याने कसाबसा आडवा बांबू धरला. खाली त्याची आई मटकन बसली.

पोनिजानने नैवेद्यातली एक गुळाची वडी उचलून तोंडात टाकली, वाकिदीच्या हातातून माइक घेतला आणि उभा राहिला. रुबिनेमने मागून कमरेला धरलं.

“कोणी आलं नव्हतं,” तो माइकमध्ये म्हणाला. तोंडात वडी होती, त्यामुळे त्याला पुन्हा म्हणावं लागलं. “कोणी आलं नव्हतं. मला भूक लागली होती.”

पोनिजानने वडी गिळली.

“महिनाभर येत होते तेही कोणी नव्हते. तीही भूकच. ज्याने मोटरसायकलवर पाणी शिंपडून घेतलं, त्याने जपून चालवावी.”

आधी मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, मग हसू पुढे सरकत सरकत प्रमुखांच्या खुर्चीपर्यंत आलं आणि सार्वोनोंनाही आवरलं नाही. पोनिजानचे कान लाल झाले. त्याने हसणं पुरं होऊ दिलं. मग वाकिदीपुढे हात पसरला. वाकिदीने एकदा बहिणीकडे पाहिलं, तिने भुवई उचलली, आणि चाबूक हातात आला.

त्याने तो ओढला नाही. तेवढं बळ नव्हतं. नुसता जमिनीवर टेकवला आणि कमानीकडे बघून, घरच्या पोराला हाक मारावी तशी हाक मारली, “उतरा पाहुणे. आज माझंही पोट रिकामं आहे, फार वेळ बसवू शकत नाही.” वरचा पोरगा मान वाकडी करून ऐकत राहिला, मग मांजरासारखा उतरला आणि त्याच्या पायाशी येऊन पडला. पोनिजानने त्याच्या कानात काही म्हटलं, कपाळ चोळलं, पोरगा शिंकला आणि आईला शोधू लागला. कापूस खाणारा आला. तिसरा आला. गिलांग सगळ्यात शेवटी आला, आणि जायच्या आधी त्याच्यातल्या पाहुण्याने एक केळं मागून घेतलं.

आता सगळं मिटलं असं वाटत असतानाच म्हाताऱ्या ढोलकऱ्याने तोंड उघडलं. “चाबूक राहिला, ठीक आहे. पण उपासाचं काय? उपास न करणारा पावांग मी ऐकलेला नाही.”

“उपास ह्यांनी करायचा नाही,” एंदाह म्हणाली. “गोळी चालू असताना, डॉक्टरांना न विचारता तर मुळीच नाही. आज जे झालं ते पुन्हा झालं आणि जवळ चहा नसला, तर मी काही करू शकणार नाही.”

“मग चाबूक—” वाकिदीचा चेहरा पुन्हा उजळला.

पोनिजानने चाबूक छातीशी धरला. प्रमुख सार्वोनो ढोलकऱ्याकडे पाहू लागले, ढोलकरी नैवेद्याकडे. तेव्हा रुबिनेम बोलली.

“उपास मेळाचा असतो की माणसाचा?”

“मेळाचा,” ढोलकरी म्हणाला. “पावांग मेळाच्या वतीने करतो.”

“मग वतीनेच करायचा तर कोणीही करू शकेल. पावांगचा उजवा हात करू शकेल. तब्येत चांगली आहे, साखर नाही, अंगावर साठाही आहे.”

वाकिदीला समजायला वेळ लागला. बाकीच्यांना लागला नाही.

“म्हणजे उपास मी करायचा,” तो सावकाश म्हणाला, “आणि चाबूक भाओजींनी धरायचा?”

“तीन दिवस,” सार्वोनो म्हणाले. “दोन दिवस पांढरा भात, मीठ नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही.”

“आधी तुमची साखर तपासू द्या हं, लिक,” काका म्हणावं तशी एंदाह म्हणाली.

वाकिदीने इतक्या आशेने बोट पुढे केलं की तिला हसू आलं. तिने तिथेच टोचलं. यंत्राने आकडा दाखवला. साखर अगदी हवी तेवढी होती.

“ताई,” वाकिदी म्हणाला, “तू माझी सख्खी बहीण आहेस ना?”

“म्हणून तर तुझं नाव सुचवलं,” रुबिनेम म्हणाली. “सगळ्यांत आधी तूच डोळ्यांपुढे आलास.”

एंदाह पोनिजानला दवाखान्यात न्यायला उठली होती. त्या गोळ्या अजून पोटात काम करत असतील, तिने रुबिनेमला समजावलं, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून आज दवाखान्यात ठेवून खायला घालायचं आणि सारखं बोट टोचायचं. आणि काढा आजपासून बंद. रुबिनेमने मान डोलावली आणि केळ्यांचा उरलेला घड नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

एंदाहच्या स्कूटरवर मागे बसताना चाबूक अडचण करू लागला. वाकिदी जवळ आला आणि म्हणाला, “द्या, मी सांभाळतो तोवर.”

पोनिजानने त्याच्याकडे पाहिलं, घडातलं एक केळं तोडून त्याच्या हातावर ठेवलं आणि चाबूक कमरेला गुंडाळून घेतला.

“खाऊन घे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी ह्या दिवशी नाही मिळणार.”

स्कूटर निघाली. कमरेभोवती न मावलेलं चाबकाचं टोक धुळीत मागे मागे ओढत गेलं.